डोनाल्ड मॅक्लीन, हेरगिरी करणारा मुत्सद्दी: नाशिकच्या श्रोत्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमधले ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयं आणि कॉलेज रोडवरच्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका इथे मी अधूनमधून शीतयुद्धाच्या काळातल्या हेरांवर बोलतो. त्यातही डोनाल्ड मॅक्लीनची गोष्ट सांगितली की चहाच्या वेळी लोक घेरतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली.

हा मॅक्लीन कोण? आम्ही किम फिल्बीचं नाव ऐकलंय, याचं नाही.

फिल्बी हा ब्रिटिश गुप्तचर खात्यातला, मॅक्लीन परराष्ट्र खात्यातला. केंब्रिज विद्यापीठातल्या ज्या पाच जणांनी सोव्हिएत संघासाठी हेरगिरी केली त्यांतले हे दोघे. उरलेले गाय बर्जेस, अँथनी ब्लंट आणि जॉन केर्नक्रॉस. फिल्बीला प्रसिद्धी जास्त मिळाली. पण नुसत्या कागदांच्या मोलानं पाहिलं तर मॅक्लीनचं पारडं खूप जड होतं, असं माझं मत आहे. १९३५ मध्ये तो परराष्ट्र खात्यात लागला आणि १९५१ मध्ये पळून गेला. मधल्या सोळा वर्षांत लंडन, पॅरिस, वॉशिंग्टन आणि कैरो इथे त्यानं नोकरी केली, आणि बढत्या घेत घेत केली.

चांगल्या घरचा मुलगा या वाटेला लागलाच कसा?

हा प्रश्न नेहमी पहिला येतो, आणि विचारणाऱ्याच्या सुरात थोडी हळहळ असते. घर खरोखरच चांगलं होतं. वडील सर डोनाल्ड मॅक्लीन उदारमतवादी पक्षाचे मोठे नेते. मंत्रिपदावर असतानाच १९३२ मध्ये ते वारले. घरात धार्मिक शिस्त कडक होती. १९१३ साली जन्मलेला हा मुलगा ग्रेशम्स शाळेतून केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉल कॉलेजात आला आणि आधुनिक भाषांमध्ये पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाला.

तो काळ जागतिक मंदीचा. इंग्लंडात बेकारांचे मोर्चे निघत होते आणि जर्मनीत हिटलर सत्तेवर आला होता. हिटलरला रोखेल तर रशियाच, असं मानणारी पोरं तेव्हा केंब्रिजात पुष्कळ होती. त्यांतल्या बहुतेकांचा साम्यवाद नोकरी लागल्यावर ओसरला. मॅक्लीनच्या बाबतीत वेगळं घडलं, कारण १९३४ मध्ये फिल्बीच्या शिफारशीवरून अर्नोल्ड डॉइच नावाच्या सोव्हिएत हस्तकानं त्याला गाठलं. डॉइचचा हिशेब सरळ होता. आज विद्यापीठात असलेले हे तरुण उद्या सरकारी खात्यांत जातील, म्हणून त्यांना आताच धरायचं, पक्षाशी उघड संबंध तोडायला लावायचे आणि मग वाट बघायची. एवढा धीर धरणारी हेरसंस्था विरळाच. मॅक्लीनला दिलेल्या पहिल्या सांकेतिक नावाचा अर्थ होता 'अनाथ'. वडील जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

नोकरीत घेताना चौकशी केली नाही?

मुलाखत झाली होती. पुढे त्यानंच सांगितलेला किस्सा असा: मंडळानं विचारलं, केंब्रिजात तुमची मतं साम्यवादी होती म्हणे? क्षणभर विचार करून तो म्हणाला, होती, आणि अजून ती पूर्णपणे गेलेली नाहीत. समोरच्यांना हा प्रामाणिकपणा आवडला.

हा किस्सा थोडा तिखटमीठ लावून सांगितलेला असू शकतो, पण त्या काळाला तो शोभतो. ठरावीक शाळा, ठरावीक कॉलेज आणि ओळखीचं आडनाव असलं की माणूस आपला. परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्यांची रीतसर पार्श्वभूमी-तपासणी ब्रिटननं सुरू केली ती मॅक्लीन पळून गेल्यानंतर.

आम्हाला नाशिकरोडच्या प्रेसमध्ये गेटवर झडती द्यावी लागायची. याची झडती नव्हती?

नोटा छापणाऱ्या प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा सभागृहात हशा पिकला. खरं तर अख्ख्या प्रकरणावरचा याहून नेमका प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही. नाही, झडती नव्हती. साहेब लोकांनी संध्याकाळी फाइल घरी नेऊन काम करणं हे कर्तव्यदक्षपणाचं लक्षण मानलं जाई. मॅक्लीन कागद बॅगेत घालून उजळ माथ्यानं दारातून बाहेर पडायचा.

मग कागद पुढे कुठे जायचे?

१९३८ च्या सुमारास ते किटी हॅरिस या बाईकडे जात. सोव्हिएत हेरसंस्थेची ही अनुभवी हस्तक. लंडनमधल्या तिच्या घरी तो संध्याकाळी कागद आणायचा, ती त्यांचे फोटो काढायची आणि सकाळी कागद जागेवर. दोघांचं प्रेमही जमलं. हेरगिरीच्या कुठल्याही नियमात हे बसत नाही, पण मॉस्कोनं चालवून घेतलं. त्याची पॅरिसला बदली झाली तेव्हा तिलाही पाठोपाठ तिकडे धाडलं. नंतरच्या हस्तकांच्या वेळी बऱ्याचदा त्याला मजकूर लक्षात ठेवून किंवा हातानं उतरवून द्यावा लागे, आणि स्मरणशक्ती व टिपणाची शैली या दोन्हींत तो तरबेज होता. चांगल्या मुत्सद्द्याला जे जमावं लागतं तेच चांगल्या हेराला. वरिष्ठ त्याच्या टिपणांवर खूश असत आणि तीच टिपणं मॉस्कोही वाचत असे.

यात पैसा किती मिळाला?

त्यानं हे पैशासाठी केलं नाही, आणि याबद्दल जाणकारांत मतभेद नाहीत. तो पळाल्यावर मात्र १९५१ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधून त्याच्या सासूच्या नावे प्रत्येकी एक हजार पौंडांचे दोन ड्राफ्ट आले. पाठवणारा कोण ते कळलं नाही, पण रोख लपला नाही. बायको-मुलांची सोय करणारं कुणीतरी होतं.

अणुबाँबचं गुपित यानंच फोडलं ना?

बाँब कसा बनवायचा हे क्लाउस फुक्स या शास्त्रज्ञानं फोडलं. मॅक्लीन भौतिकशास्त्र शिकलेला नव्हता. पण वॉशिंग्टनच्या वकिलातीत असताना, १९४७-४८ मध्ये, अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांच्या अणुधोरणविषयक संयुक्त समितीचं ब्रिटनच्या बाजूचं चिटणीसपद त्याच्याकडे होतं. अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाच्या इमारतीत सोबतीला कुणी नसतानाही फिरता येईल असा पास त्याला मिळाला होता, आणि तो वापरला जायचा. युरेनियम किती आहे, कुठून येतं, कुणाला किती मिळणार, हे विषय त्या समितीपुढे होते. युरेनियम किती हे कळलं की बाँब किती होतील याचा अंदाज बांधता येतो. शत्रूच्या भात्यात बाण किती हे ठाऊक असलेला माणूस वाटाघाटीला वेगळ्याच ताठ्यानं बसतो.

त्याआधी १९४४-४५ मध्ये पोलंडच्या भवितव्याबद्दल चर्चिल आणि अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष एकमेकांना काय लिहितात तेही वॉशिंग्टनमधून मॉस्कोला कळत होतं. युद्धानंतरच्या युरोपाबद्दल तिन्ही बड्या नेत्यांनी बोलणी केली त्या याल्टा परिषदेच्या आगेमागे स्टॅलिन इतका निश्चिंत का दिसतो, याचं थोडं तरी उत्तर इथे आहे.

मग मॉस्कोत त्याला डोक्यावर घेतलं असेल!

इथेच गंमत आहे. युद्धाच्या मध्यात मॉस्कोतल्या अधिकाऱ्यांना संशय आला की केंब्रिजची ही पाचही पोरं ब्रिटिशांनीच आपल्या गळ्यात बांधली असावीत. कारण काय, तर माल फारच चांगला येतोय! इतके गोपनीय कागद इतक्या सहज मिळतातच कसे? सगळीकडे संशयानं पाहणाऱ्या यंत्रणेला ब्रिटिशांचा भाबडेपणा खरा वाटेना. आणि या पोरांना घडवणाऱ्या जुन्या हस्तकांपैकी थिओडोर माली याला स्टॅलिनच्या राजवटीनं १९३८ मध्येच गोळी घातली होती. ज्या राज्यासाठी मॅक्लीन जीव धोक्यात घालत होता, त्यानं त्याच्याच गुरूची ही गत केली. हे त्याला कधी आणि कितपत कळलं, हा विचार मनातून जात नाही.

त्याला ताण येत नसेल?

येत होता आणि तो दारूत उतरला. १९४८ मध्ये कैरोच्या वकिलातीत मोठ्या पदावर गेल्यावर तोल सुटला. मे १९५० मध्ये दारूच्या नशेत त्यानं एका मित्राबरोबर अमेरिकी दूतावासात काम करणाऱ्या स्त्रीच्या घरात शिरून सामानाची मोडतोड केली. दुसऱ्या कुणाची नोकरी गेली असती. याला लंडनला परत बोलावलं, मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवलं, काही महिने सुट्टी दिली आणि नोव्हेंबर १९५० मध्ये परराष्ट्र खात्याच्या अमेरिका विभागाचा प्रमुख केलं! तिकडे कोरियात युद्ध पेटलेलं, चीन त्यात उतरलेला, आणि अमेरिकेशी होणारा पत्रव्यवहार ज्याच्या टेबलावरून जातो तो माणूस हा.

त्या दिवसांत लंडनच्या एका क्लबात तो चढलेल्या आवाजात म्हणाला म्हणतात, मी इंग्लंडचा हिस आहे. अॅल्जर हिस या अमेरिकी मुत्सद्द्याला त्याच वर्षी, सोव्हिएत हेरगिरीच्या चौकशीत खोटी साक्ष दिल्याबद्दल शिक्षा झाली होती. ऐकणाऱ्यांनी हसण्यावारी नेलं. दारू प्यायलेला चांगल्या घरचा माणूस काहीही बोलतो, अशीच सगळ्यांची समजूत.

शेवटी सापडला कसा?

हा भाग मी सावकाश सांगतो, कारण यात कुणी जेम्स बाँड नाही. पेन्सिल, कागद आणि वर्षानुवर्षांची चिकाटी आहे.

सोव्हिएत वकिलाती मॉस्कोला तारा पाठवत त्या आकडेमोडीच्या गुप्त लिपीत असत. त्यासाठी यादृच्छिक आकड्यांच्या वह्या असायच्या. वहीचं एक पान एकदाच वापरायचं आणि फाडून टाकायचं, असा नियम. नियम पाळला तर ही लिपी कुणालाही उलगडता येत नाही. पण १९४२ च्या सुरुवातीला, जर्मन फौजा मॉस्कोच्या उंबरठ्यावर असतानाच्या धांदलीत, वह्या तयार करणाऱ्यांनी काही पानं दुबार छापली. अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या आर्लिंग्टन हॉल इथे १९४३ पासून या तारांवर काम चालू होतं. मेरेडिथ गार्डनर नावाच्या भाषातज्ज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत तरुण मुलींची संख्या मोठी होती, त्या दुबार पानांचा माग काढून तारांचे तुकडे वाचायला सुरुवात केली. या कामाला पुढे 'व्हेनोना' नाव पडलं आणि ते जगाला कळलं थेट १९९५ मध्ये.

त्या तुकड्यांत 'होमर' नावाचा एक हेर वारंवार यायचा. वॉशिंग्टनच्या ब्रिटिश वकिलातीतून माहिती फुटतेय हे १९४९ पर्यंत स्पष्ट झालं. मग शोध कुणाचा सुरू झाला? कारकून, टायपिस्ट, वकिलातीतली गडीमाणसं, सफाई करणारे यांचा! मोठ्या साहेबांकडे बोट वळायला दोन वर्षं लागली. वरची यादी आधी तपासली असती तर नावं मोजकीच होती.

१९५१ च्या वसंतात एका जुन्या तारेतलं वाक्य उलगडलं: होमरची बायको गरोदर आहे, ती न्यूयॉर्कला आईकडे राहते आणि तिला भेटायच्या निमित्तानं तो तिकडे येऊ शकतो. १९४४ साली वॉशिंग्टनच्या वकिलातीतल्या ज्या अधिकाऱ्याला हे लागू पडत होतं तो एकच. एवढे कागद बाहेर गेले, पण धागा सापडला बायकोच्या बाळंतपणात.

मग तिथल्या तिथे बेड्या का नाही घातल्या?

कारण पुरावा कोर्टात दाखवता येत नव्हता. तारा वाचता येतात हे उघड झालं असतं तर सगळं कामच वाया गेलं असतं. म्हणून पाळत ठेवायची, नंतर बोलावून चौकशी करायची आणि कबुली मिळवायची, असं ठरलं. फुक्सनं १९५० मध्ये अशीच कबुली दिली होती आणि त्याला चौदा वर्षांची शिक्षा झाली होती.

पाळतीत एक भोक राहिलं. लंडनमध्ये माणसं त्याच्या मागावर असत, पण टॅट्सफील्ड या गावातल्या त्याच्या घराभोवती नसत. लहान गाव, अनोळखी माणूस लगेच डोळ्यांत भरेल, ही भीती. शिवाय ठरावीक फाइली टेबलावर यायच्या बंद झाल्यावर मॅक्लीनला काय ते उमगलंच. आणि वॉशिंग्टनमध्ये गुप्तचर खात्याचा प्रतिनिधी म्हणून या तपासाची इत्थंभूत माहिती कुणाला मिळत होती? किम फिल्बीला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो असा.

पळून जाण्याची हकीकत सांगा.

२५ मे १९५१, शुक्रवार, मॅक्लीनचा अडतिसावा वाढदिवस. दुपारी मित्रांसोबत जेवण केलं, संध्याकाळची नेहमीची गाडी पकडून घरी आला. त्याच दिवशी परराष्ट्रमंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी त्याच्या चौकशीला मंजुरी दिली. घरी बर्जेस खोट्या नावानं पाहुणा म्हणून आला, मॅक्लीन, त्याची बायको आणि बर्जेस असे तिघं एकत्र जेवले आणि मॅक्लीन व बर्जेस हे दोघे भाड्याच्या गाडीतून साऊथॅम्प्टन बंदराकडे सुटले. मध्यरात्री फ्रान्सकडे जाणारी 'फालेझ' नावाची बोट होती. शनिवार-रविवारच्या सहलीसाठी पासपोर्टची फारशी विचारपूस नसे. गाडी धक्क्यावरच टाकली, कुणीतरी हटकलं तर म्हणाले, सोमवारी परत येतो. सेंट मालोला उतरून टॅक्सीनं रेन, तिथून रेल्वेनं पॅरिस, पुढे स्वित्झर्लंड आणि प्राग.

जूनमध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली आणि ब्रिटिश सरकार बरीच वर्षं 'कुठे आहेत ठाऊक नाही' छापाची उत्तरं देत राहिलं. १९५४ मध्ये ऑस्ट्रेलियात सोव्हिएत अधिकारी व्लादिमीर पेत्रोव फुटून आला आणि त्यानं दोघांची गोष्ट सांगितली. फेब्रुवारी १९५६ मध्ये मॉस्कोच्या नॅशनल हॉटेलात दोघे स्वतःच मोजक्या पत्रकारांसमोर उभे राहिले. हेर असल्याचं तेव्हाही नाकारलं.

बायकोला काहीच माहीत नव्हतं?

महिलांच्या बैठकीत हा प्रश्न आल्याशिवाय राहत नाही. मेलिंडा ही अमेरिकी. जर्मन फौजा पॅरिसच्या जवळ आल्या असताना जून १९४० मध्ये दोघांनी घाईत लग्न केलं. नवरा पळाला तेव्हा तिचं बाळंतपण अगदी जवळ आलेलं. तिनं अधिकाऱ्यांना सांगितलं की मला काही कल्पना नव्हती, आणि पुष्कळांनी विश्वास ठेवला. १९५३ च्या सप्टेंबरात जिनिव्हाला राहत असताना तिनं आईला सांगितलं, मुलांना घेऊन मैत्रिणीकडे दोन दिवस जाऊन येते. गाडी लोझानच्या गॅरेजमध्ये सापडली. ती मुलांसह मॉस्कोच्या वाटेला लागली होती. सोव्हिएत कागद बाहेर आल्यापासून अभ्यासकांचा कल असा आहे की तिला लग्नाआधीपासून ठाऊक होतं.

पुढचं ऐकून बायका कपाळावर हात मारतात. मॉस्कोत तिचं फिल्बीशी सूत जुळलं. तेही टिकलं नाही, आणि शेवटी ती अमेरिकेला परतली.

रशियात सुखी झाला का?

पाचांतल्या पळून गेलेल्या तिघांत त्यातल्या त्यात तोच नीट जगला. आधी कुइबिशेव शहरात मार्क पेत्रोविच फ्रेझर या नावानं राहिला. बर्जेस शेवटपर्यंत इंग्लंडसाठी झुरत दारू पीत १९६३ मध्ये गेला. मॅक्लीन मात्र रशियन शिकला, दारू आवरली, मॉस्कोतल्या आंतरराष्ट्रीय संबंधांच्या संस्थेत अभ्यासक म्हणून काम करू लागला आणि ब्रिटिश परराष्ट्र धोरणावर पुस्तक लिहिलं. ते इंग्लंडातही छापलं गेलं. ६ मार्च १९८३ रोजी मॉस्कोत त्याचं निधन झालं.

रशिया तर आपला मित्र. मग त्यानं रशियाला मदत केली यात एवढं वाईट काय?

ओझरकडून येणारे श्रोते हा प्रश्न हटकून विचारतात, आणि तो समजण्यासारखा आहे. तिथल्या कारखान्यात सोव्हिएत परवान्यावर मिग-२१ विमानं बांधली गेली आणि त्यावर कितीतरी घरं उभी राहिली. १९७१ चा भारत-सोव्हिएत करारही आपल्या आठवणीतला. पण मॅक्लीननं ज्या देशाचा पगार घेतला तो ब्रिटन, आणि त्याचे कागद गेले ते स्टॅलिनच्या हाती. पूर्व युरोपातल्या माणसांना त्या काळात काय भोगावं लागलं ते पोलिश किंवा हंगेरियन माणसाला विचारावं.

बहिर्जी नाईकांशी तुलना करता येईल?

अजिबात नाही. बहिर्जी आपल्या राजासाठी शत्रूच्या मुलखात हिंडले. मॅक्लीनची जात वेगळी. त्याच्यासाठी आपल्याकडे सूर्याजी पिसाळाचं नाव घेतात. अर्थात रायगडच्या बाबतीत पिसाळावरचा तो आरोप कितपत खरा यावर इतिहासकार भांडतात, मॅक्लीनच्या बाबतीत भांडायला जागा नाही.

सर, मुत्सद्द्यांना अटकेपासून संरक्षण असतं ना? (अभ्यासिकेतला प्रश्न)

असतं, पण ते परक्या देशात. १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार यजमान देश परकीय मुत्सद्द्याला अटक करू शकत नाही. फार तर 'नकोशी व्यक्ती' ठरवून परत पाठवतो. मायदेशाच्या कायद्यापासून मात्र त्याला कसलंही कवच नाही. मॅक्लीन सापडला असता तर ब्रिटनच्या गोपनीयता कायद्याखाली खटला चालला असता. आपल्याकडचा तसा कायदा १९२३ चा, इंग्रजांनीच केलेला.

आपल्याकडे असं झालंय का?

हो. इस्लामाबादच्या भारतीय उच्चायुक्तालयात द्वितीय सचिव असलेल्या माधुरी गुप्ता यांना पाकिस्तानला माहिती पुरवल्याबद्दल एप्रिल २०१० मध्ये अटक झाली आणि मे २०१८ मध्ये दिल्लीच्या न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा दिली. आणि हेरगिरी म्हटल्यावर दिल्ली-इस्लामाबादकडेच पाहायला नको. ऑक्टोबर २०२० मध्ये दहशतवादविरोधी पथकानं ओझरच्या विमान कारखान्यातल्या एका कर्मचाऱ्याला पाकिस्तानी गुप्तचर संस्थेला माहिती दिल्याच्या आरोपावरून अटक केली होती. देवळालीच्या तोफखान्याजवळ फोटो काढू नका अशा पाट्या आपण लहानपणापासून वाचतो. मॅक्लीनला अशी पाटी कधी आडवी आली नाही, कारण तो पाटीच्या आतल्या बाजूला बसायचा.

बाहेरची ताजी उदाहरणं हवी असतील तर नॉर्वेचा आर्ने ट्रेहोल्ट (अटक १९८४, वीस वर्षांची शिक्षा, १९९२ मध्ये माफी) आणि अमेरिकेचा व्हिक्टर मॅन्युएल रोचा. रोचा बोलिव्हियात अमेरिकेचा राजदूत होता. क्युबासाठी अनेक दशकं काम केल्याचं त्यानं कबूल केलं आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याला पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

त्याचं स्मारक वगैरे आहे का?

रशियात आहे. कुइबिशेवला आता समारा म्हणतात. तिथे तो आणि बर्जेस ज्या इमारतीत राहत तिच्यावर २०१९ मध्ये रशियन गुप्तचर संस्थेच्या पुढाकारानं दोघांच्या नावाची पाटी बसवली. अस्थी मात्र मॉस्कोत राहिल्या नाहीत. मुलानं त्या इंग्लंडला आणून बकिंगहॅमशायरमधल्या पेन गावच्या चर्चच्या आवारात, मॅक्लीनच्या आईवडिलांच्या कबरीत पुरल्या.